अटकेचा किल्ला कधी लढून पडला आहे का?

ताम्हण

नमस्कार मंडळी. माझी भाची आठवीत आहे. शाळेतल्या भाषणात "मराठ्यांनी अटकेपार झेंडे लावले" असं वाक्य होतं. घरी सराव करताना ती मध्येच थांबली आणि म्हणाली, "मावशी, अटक म्हणजे नदी, गाव की किल्ला? आणि किल्ला असेल तर आपण तो किती दिवस लढून घेतला?" मला धड उत्तर देता आलं नाही, आणि ते फार लागलं.

मग तीन आठवडे जमेल तसं वाचत गेले. अटकेला सिंधूच्या डाव्या काठावर अकबरानं बांधलेला दगडी किल्ला आहे. काम १५८१ मध्ये सुरू झालं, १५८३ मध्ये पुरं झालं. देखरेखीला ख्वाजा शम्सुद्दीन खवाफी होता. कारण घरातलंच होतं. काबूलला बसलेला अकबराचा सावत्र भाऊ मिर्झा मुहम्मद हकीम पंजाबात उतरला होता. पुन्हा कुणी असं येऊ नये म्हणून नदीच्या उतारावरच कुलूप घातलं. नाव ठेवलं 'अटक बनारस', राज्याच्या पार दुसऱ्या टोकाच्या 'कटक बनारस'शी जुळवून.

त्यानंतर नादिरशहा, अब्दाली, आपण, शीख, इंग्रज, सगळे या भिंतीखालून गेले. आपल्याला मात्र त्यातलं एकच वर्ष पाठ आहे. माझा प्रश्न साधा आहे. तोफांनी तट पाडून, शिड्या लावून हा किल्ला कुणी घेतला आहे का? मला वाचनात असा प्रसंग एकदाही सापडला नाही. जाणकारांनी सांगावं.

चौकस

ताई, छान धागा. आधी एक शंका. पोलीस 'अटक' करतात तो शब्द या गावावरून आला का?

ताम्हण

उलट असावं. अटकणे म्हणजे अडणे, थांबणे. नदीपाशी माणूस अटकतो म्हणून ती अटक, अशी लोकांची समजूत. हिंदूंनी सिंधू ओलांडू नये असा समज होता, तो या नावाला आणखी चिकटला. एक दोहा आहे: सबै भूमि गोपाल की, यामें अटक कहाँ, जाके मन में अटक है, सोई अटक रहा. सगळी जमीन देवाची, तर अडसर कुठला? ज्याच्या मनात अडसर, तोच अडतो. कुणी तो अकबराच्या तोंडी घालतात, कुणी रणजितसिंहांच्या. कुणाचा का असेना, मला तो फार आवडतो.

बखरकार

१७५८ बद्दल नीट लिहायला हवं, म्हणून बैठक मारून लिहितो.

मार्च १७५८ मध्ये रघुनाथरावांनी, म्हणजे दादासाहेबांनी, सरहिंद घेतलं, एप्रिलमध्ये लाहोर. अब्दालीचा मुलगा तैमूरशहा आणि सेनापती जहानखान लाहोर सोडून पळाले. आपल्या फौजा त्यांच्या मागावर गेल्या. दादासाहेब स्वतः लाहोरलाच होते, पाठलाग इतर सरदारांनी केला. ४ मे १७५८ ला लाहोराहून त्यांनी नानासाहेबांना पत्र लिहिलं. लाहोर, मुलतान, काश्मीर असे अटकेच्या अलीकडचे सुभे बहुतेक आपल्या अंमलात आले आहेत, तैमूर आणि जहानखान लुटले जाऊन मोडक्या फौजेनिशी पेशावरला पोचले आहेत, आणि आता कंदाहारपर्यंत अंमल बसवायचा विचार आहे, असा त्याचा आशय.

आता ताईंच्या प्रश्नाकडे. शत्रू पुढे पळत होता, आपण मागे होतो. अशा वेळी वेढा घालायला आत लढणारं कुणी शिल्लक राहत नाही. पाठलागाची तुकडी किती दूर गेली यावरही इतिहासकारांत जुना वाद आहे. काहींच्या मते मुख्य फौज चिनाबेपाशी थांबली, काहींच्या मते आपली ठाणी अटकेपर्यंत आणि त्याही पुढे बसली. मी दुसऱ्या बाजूचा. पण भाचीला सांगताना "लढून घेतला" म्हणू नका. "शत्रू सोडून गेला आणि आपण बसलो" म्हणा. त्यानं पराक्रम कमी होत नाही. नकाशा काढून पुणे आणि अटक यांमधलं अंतर बोटानं मोजा, एवढंच सांगेन.

रानवाट

बखरकार, पराक्रम मान्यच. पण बसलो किती दिवस? दादासाहेब लगोलग परतले. पंजाब वर्षाला ७५ लाखांच्या कराराने तिथल्या मुघल सरदार अदीनाबेगच्या हवाली केला आणि तो त्याच वर्षी वारला. १७५९ मध्ये साबाजी शिंदे तिथे होते, त्यांनी जहानखानाला एकदा हरवून परतही लावलं. पण अब्दाली स्वतः उतरल्यावर लाहोर सोडावं लागलं. पुढे बुराडी घाट, पुढे पानिपत. मोहिमेतून खजिना यायचा तो कर्ज आलं. ठाणं घेणं आणि ठाणं पोसणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि हे मी आपल्या माणसांच्या प्रेमापोटीच म्हणतोय.

बखरकार

प्रेमापोटी म्हणताय ते कळलं, म्हणून राग नाही. :) पण साबाजींना दोष देऊ नका हो. मूठभर माणसं, हजार मैलांवर पुणे, मध्ये पाच मोठ्या नद्या. ते टिकले तेवढे टिकले यालाच मी मुजरा करतो.

रानवाट

साबाजींना दोष नाहीच. मुजऱ्यात मीही सामील.

जुनापुराणा

किल्ला तिथेच का, हे कुणी सांगितलं नाही. जुना रस्ता अटकेवरून जात नव्हता. सिकंदर आणि त्यानंतरच्या बऱ्याच फौजा वर हुंड नावाच्या गावापाशी सिंधू ओलांडत. तिथे पात्र पसरट आहे, पाणी वाटलं जातं. अटकेला काबूल नदी येऊन सिंधूला मिळते आणि लगेच खाली दोन्ही काठांचे खडक जवळ येतात. पात्र अरुंद, म्हणून नावांचा पूल बांधायला सोपं. पण तो पूल हिवाळ्यातच टिके. उन्हाळ्यात बर्फ वितळून पाणी चढलं की पूल सोडायचा आणि होडीनं जायचं. संगमापाशी पाण्यात दोन खडक आहेत, त्यांच्या भोवऱ्यात नावा फुटत. त्यांना लोक जलालिया आणि कमालिया म्हणतात.

म्हणून अटकेचा खरा मालक नावाडी. किल्लेदारानं दरवाजा लावला आणि नावाड्यांनी नावा पलीकडच्या काठाला नेल्या, की लाखाची फौजसुद्धा काठावर बसून राहणार. गावात मल्लाही टोला म्हणून नावाड्यांची वस्ती आहे, ती याच कामासाठी वसवलेली.

चौकस

म्हणजे मी इतकी वर्षं किल्ल्याचं नाव घेत होतो आणि चावी होती नावाड्याच्या कमरेला! हे माझ्या वर्गात सांगणार.

दुबईकर

इथे माझ्या साइटवर एक फोरमन आहे, अकोडा खटकचा. अटकेहून पूल ओलांडला की पेशावरच्या वाटेवर हे गाव लागतं. हा धागा वाचून काल डब्याच्या वेळी त्याला विचारलं. त्यानं लगेच मोबाइल काढला आणि गेल्या ईदला बसमधून घेतलेला व्हिडिओ दाखवला. आधी पुलाचे कठडे सटासट जातात, मग एकदम खाली पाणी. एका बाजूनं गढूळ तांबूस, दुसऱ्या बाजूनं निळसर, आणि बरंच अंतर दोन्ही रंग शेजारी शेजारी वाहतात, मिसळत नाहीत. तांबूस ती काबूल, निळी ती सिंधू. मग कॅमेरा वर जातो आणि टेकडीच्या उतारावर पिवळट तट दिसतो, पायऱ्या पायऱ्यांनी वर चढत गेलेला, जणू कुणी गोधडी डोंगरावर वाळत घातली आहे. वरच्या काठाला कंगोरे. आठ-दहा सेकंद, की संपला.

मी म्हटलं, आमच्याकडे या जागेची म्हण आहे. अर्थ सांगितला तर तो म्हणाला, "आमच्या गावाचं नावही याच रस्त्यामुळे. मलिक अकोडेला अकबरानं अटक ते पेशावर रस्ता राखायला दिला होता." खुशालखान खटक हा त्याच घराण्यातला, पश्तूचा थोर कवी. फोरमनला त्याच्या कविता पाठ आहेत. एक म्हणून दाखवली. शब्द कळला नाही, पण म्हणताना त्याचा डबा तसाच उघडा राहिला होता.

सईची_आई

दुबईकर, अंगावर काटा आला.

खुशालखानाचं नाव निघालं म्हणून सांगते. त्याच्या काळात खटक, आफ्रिदी सगळे मुघलांवर उठले. १६७२ मध्ये मुघल सुभेदार मुहम्मद अमीनखानाची फौज खैबर खिंडीत कापली गेली, १६७४ मध्ये शुजाअतखान मारला गेला. शेवटी औरंगजेब स्वतः उठून अटकेच्या अलीकडे हसन अब्दालला येऊन बसला, जवळजवळ दीड वर्ष. सन पाहा: १६७४. इकडे रायगडावर राज्याभिषेक झाला ते वर्ष. बादशहा आणि त्याची चांगली फौज त्या काळात सिंधूकाठी अडकली होती आणि दख्खनेत मोठी कुमक येत नव्हती. अटकेशी आपलं नातं १७५८ ला सुरू झालं असं आपण धरतो. मला वाटतं, ते त्याच्या ८४ वर्षं आधीच जुळलं होतं, आणि तेही आपला एकही माणूस तिथे न जाता.

बखरकार

सईची_आई, हा दुवा कधी असा शेजारी ठेवून पाहिला नव्हता. मनापासून आभार. आणखी एक भर: फेब्रुवारी १५८६ मध्ये युसुफझाईंच्या डोंगरात बिरबल मारला गेला, तेव्हा अकबर अटकेलाच होता. ती बातमी त्याला तिथेच कळली. किल्ला बांधून तीन वर्षं झाली नव्हती.

गोदाकाठ

मी नांदेडचा. शीख यात्रेकरूंच्या जथ्याबरोबर पंजासाहेब गुरुद्वाऱ्याला जाऊन आलोय, ते याच हसन अब्दालला. तिथून अटक तासाभराच्या आत. पण व्हिसावर जी गावं लिहिली तेवढीच पाहता येतात, त्यामुळे पुढे जाता आलं नाही. संध्याकाळी गुरुद्वाऱ्याच्या गच्चीवरून एका सेवादारांनी पश्चिमेला हात करून सांगितलं, "उधर अटक है." डोंगरांची एक धूसर रांग दिसली, बस. मी हात जोडले. माझ्याबरोबर अमृतसरचे एक बाबाजी होते, त्यांनीही जोडले. ते रणजितसिंहांचे सेनापती मोहकमचंद यांच्यासाठी, मी आपल्या माणसांसाठी. एकाच दिशेला.

शिळोपा

गोदाकाठ, मोहकमचंदांचं नाव काढलंत, मग १८१३ सांगायलाच हवं. ताईंच्या प्रश्नाचं सर्वांत स्वच्छ उत्तर तिथे आहे.

तेव्हा किल्ला अफगाण किल्लेदार जहांदादखानाकडे होता. त्याचा भाऊ काश्मीरचा सुभेदार. काबूलचा वजीर फतेहखान आणि रणजितसिंहांची फौज यांनी मिळून काश्मीर घेतलं, पण लुटीतला वाटा द्यायला फतेहखान नाही म्हणाला. इकडे भाऊ बुडालेला पाहून जहांदादखान घाबरला, पुढची पाळी आपली. त्यानं वजिराबादची जहागीर घेतली आणि किल्ल्याच्या किल्ल्या रणजितसिंहांच्या माणसांना दिल्या. एकही गोळी न उडता अटक लाहोरकडे आली.

पण घेतलेला किल्ला राखायला लढावं लागलं, आणि ते किल्ल्याबाहेर. फतेहखान काश्मिरातून धावून आला. जुलै १८१३ मध्ये हजरोजवळ छछच्या मैदानात गाठ पडली. त्या मैदानात जुलै म्हणजे तवा. दोस्त मुहम्मदखानाच्या घोडदळानं शिखांची फळी एकदा फोडलीही, पण दिवाण मोहकमचंद ढळले नाहीत. शेवटी अफगाण पेशावरकडे पळाले. दुर्राण्यांविरुद्ध शिखांचा हा पहिला मोठा मैदानी विजय. इथून पुढे नौशेरा, पेशावर, जमरूद हा सगळा रस्ता उघडला.

रानवाट

मी गेली वीस वर्षं किल्ले चढतोय, म्हणून बांधणीबद्दल बोलतो. आपल्या सह्याद्रीत डोंगर हाच किल्ला, तट नंतर. अटकेचं तसं नाही. एल्फिन्स्टन, जो पुढे पुण्यात रेसिडेंट झाला आणि ज्याच्या काळात पेशवाई बुडाली, तो १८०९ मध्ये पेशावरहून परतताना अटकेवरून आला. त्यानं लिहून ठेवलंय की नदीकडची बाजू साधारण चारशे यार्ड, दुसरी बाजू दुप्पट, दगडकाम देखणं. पण शेजारचीच टेकडी किल्ल्यापेक्षा उंच, आणि मध्ये फक्त एक घळ. त्या टेकडीवर तोफा चढवल्या की आतला माणूस उघडा पडतो. त्यामुळे हा किल्ला लढवायला मुळात कमजोर, असं माझं मत.

जुनापुराणा

रानवाट, इथे मी अडतो. हा किल्ला रायगडासारखा शेवटचा आसरा म्हणून बांधलाच नव्हता. हे नाकं आहे. पुलावर, होड्यांवर, धान्याच्या गोण्यांवर नजर ठेवायला बांधलेलं. दरवाज्यांची नावं बघा: दिल्ली, लाहोरी, काबुली आणि पाण्याकडचा मोरी दरवाजा. रस्त्याची नावं दरवाज्यांना. अकबराच्या काळी त्या टेकडीवर भारी तोफा ओढत नेईल असा शत्रू पलीकडे नव्हता. सव्वादोनशे वर्षांनंतरच्या तोफखान्याच्या मापानं त्याला नापास करणं बरं नाही.

रानवाट

हे पटलं. नाकं हा शब्द बरोबर. माझं मत मागे घेतो, टेकडी तेवढी राहू द्या.

शिळोपा

टेकडी असूनही १८४८ मध्ये काय झालं ते ऐका. दुसरं शीख-इंग्रज युद्ध पेटत होतं. निकल्सन नावाचा इंग्रज अधिकारी पेशावरला तापानं फणफणत पडला होता. तसाच उठला, साठेक स्वार घेऊन रात्रभर घोडा दामटला आणि पहाटे अटकेच्या दारात हजर. आतल्या शीख तुकडीला नुसत्या दरडावणीनं बाहेर काढलं. म्हणजे इथेही वेढा नाही.

मग लेफ्टनंट हर्बर्टनं तो किल्ला काही महिने धरला. इंग्रजांवर उठलेल्या चत्तरसिंगांचे शीख बाहेर, मदतीला काबूलचा दोस्त मुहम्मद. हो, १८१३ ला मोहकमचंदांच्या फळीवर तुटून पडलेला तोच. आता शिखांच्या बाजूनं! जानेवारी १८४९ च्या सुरुवातीला आतल्या पठाण शिपायांनी साथ सोडली. त्यांची बायकामुलं पेशावरकडे होती, म्हणजे दोस्त मुहम्मदाच्या हातात. भिंत शाबूत, माणसं फुटली. ही बातमी कळताच इंग्रज सेनापती जनरल गफनं घाई केली, कारण आता चत्तरसिंग येऊन आपल्या मुलाला, शेरसिंगाला, मिळणार होते. त्यातून १३ जानेवारीला चिलियाँवाला झालं, इंग्रजांना फार महाग पडलेली लढाई. मार्चमध्ये इंग्रज पुन्हा अटकेला पोचले तेव्हा अफगाण नदीपार निघून गेले होते.

चौकस

बायकामुलांचं वाचून वाईट वाटलं. त्या शिपायांना गद्दार म्हणवत नाही.

सईची_आई

मलाही नाही.

जुनापुराणा

लढायांच्या यादीत नसलेली एक गोष्ट सांगतो. अटकेजवळची एक फौज माणसांनी मारली नाही, नदीनं नेली. नंगा पर्वताजवळ डोंगर कोसळून सिंधू अडली होती. महिनोन्महिने वर तलाव साचत गेला, खाली पात्र उथळ. जून १८४१ मध्ये तो बांध फुटला. छछच्या मैदानात शीख फौजेचा तळ पडलेला होता. ज्यानं ते पाहिलं त्यानं सांगितलेलं पुढे नोंदलं गेलं: बाईनं ओल्या फडक्यानं मुंग्यांची रांग पुसावी, तशी नदीनं राजाची फौज पुसली. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं.

दुबईकर

फोरमनला हेही विचारलं. त्याच्या आजीकडून त्यानं या पुराबद्दल ऐकलंय. सन माहीत नाही, पण "चिखलाची भिंत आली" एवढं ठाऊक.

आणि चालू बातम्यांतला घोळही त्यानं सोडवून दिला. किल्ला अटक खुर्द गावात आहे. आजचं अटक शहर वेगळं, काही मैल अलीकडे, त्याचं नाव १९७८ पर्यंत कॅम्पबेलपूर होतं. नवाझ शरीफ १९९९ नंतर होते ते किल्ल्यात. इम्रान खान २०२३ मध्ये होते ते शहरातल्या जिल्हा तुरुंगात. किल्ला अजून लष्कराकडे आहे, आत जाता येत नाही.

कृष्णाकाठ

बरेच दिवस नुसती वाचत होते. कॅम्पबेलपूर हे नाव वाचलं आणि उठून ट्रंक उघडली. माझे आजोबा दुसऱ्या महायुद्धात तोफखान्यात होते, काही महिने कॅम्पबेलपूरला. त्यांची आजीला आलेली पोस्टकार्डं आहेत. शाई विटली आहे, कडा उंदरांनी खाल्ल्या आहेत. आज रात्री भिंग घेऊन बसते.

ताम्हण

कृष्णाकाठ, वाट बघते.

तोवर माझ्या प्रश्नाचं उत्तर मला जसं मिळालं तसं लिहिते, चुकलं तर सांगा. १७५८ ला आतले निघून गेले. १८१३ ला किल्लेदारानं जहागिरीवर सोडला. १८४८ ला दरडावणीनं मिळाला, १८४९ ला शिपायांच्या घरच्या काळजीनं पडला. शिडी लावून कुणी वर चढलं असा एकही प्रसंग आपल्यापैकी कुणाला सापडला नाही. लढाया झाल्या त्या हजरोला, चिलियाँवालाला, नौशेऱ्याला. भाचीला हे सगळं सांगितलं. तिनं भाषणात एक वाक्य वाढवलंय: "अटक पुण्यापासून इतकी दूर आहे की तिथे नुसतं पोचणं हीच लढाई होती." बखरकार, ते नकाशावर बोट फिरवायचं तुमचं तिनं करून पाहिलं, दोनदा.

बखरकार

पोरीला माझा आशीर्वाद सांगा.

कृष्णाकाठ

एक पोस्टकार्ड लागलं. तारीख फाटली आहे. जेवढं वाचता आलं तेवढं जसंच्या तसं:

"…काल पेशावरकडे जाण्याचा हुकूम आला. गाडी अटकेच्या पुलावरून गेली. पूल दुमजली आहे, वर आगगाडी, खाली मोटारी. डब्यात आम्ही सातजण सातारा-सांगलीकडचे. कोणीतरी म्हणाले, आलो रे. सगळे खिडकीशी गेलो. नदीस फार ओढ आहे. नारळ नव्हता म्हणून मी खिशातला गुळाचा खडा टाकला. बाळूस सांगणे की त्याचे वडील अटकेपार…"

पुढचा कोपरा नाही. बाळू म्हणजे माझे वडील. त्यांना आता ८६ वर्षं आहेत, उद्या सकाळी वाचून दाखवणार आहे. पूल खरंच दुमजली होता का, कुणी सांगेल का? ते विचारतील.

जुनापुराणा

होता. १८८३ मध्ये उघडला, १९२९ मध्ये नव्यानं बांधला, वर रेल्वे आणि खाली रस्ता. आजोबांनी अगदी बरोबर लिहिलंय. वडिलांना सांगा.